तुझ्या डोक्यावरून गेले तेव्हा

प्रिय मास्तर,

फोनवर तू रोज विचारतोस, जेवलीस का. मी म्हणते, हो. मग तू विचारतोस, काय जेवलीस. मी सांगते. त्यानंतर मागे तुझ्या आईंच्या घरातला पंखा खडखडताना ऐकू येतो. काल तर तू 'बरं, ठेवतो' म्हणालास आणि तरी ठेवला नाहीस, मीही ठेवला नाही, आणि आपण दोघं शहाणे बराच वेळ पंखा ऐकत बसलो. म्हणून हे पत्र. उद्याच्या बोटीने टपालाची पिशवी जाते. तुला हसू येईल, कारण आजवर मी तुला लिहिलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे 'टाक्या भरून ठेव, मी आंघोळीला जाते'.

आधी इकडचं सांगते. आईंची दाढ एकदाची निघाली असेल, असं समजते. एका दाढेला एवढे दिवस लागतात हे मला माहीत नव्हतं, पण ते असो. आपलं डायव्हिंगचं दुकान ठीक आहे. टाक्यांत हवा भरायचं यंत्र पुन्हा खोकायला लागलंय. तू त्याला काय मंतर घालतोस कोण जाणे, माझं ते ऐकत नाही. शेवटी मी त्याला लाथ घातली, तेव्हा सुरू झालं. मावशीच्या लॉजमध्ये सगळ्या खोल्या भरल्यात आणि मावशी त्यामुळे खूश असूनही पाहुण्यांवर करवादते, म्हणजे तब्येत उत्तम. हॉलवाल्याचा फोन आला होता, खुर्च्या किती मांडायच्या विचारत होता. मी म्हटलं, मास्तर आले की कळवते. पुढच्या महिन्यात लग्न आणि नवरीला खुर्च्या माहीत नाहीत, असं त्याला वाटलं असणार. वाटू दे.

त्या दिवसानंतर मी अजून बुडालेल्या जहाजावर गेलेले नाही. पाहुण्यांना फक्त जवळच्या प्रवाळावर नेते, जिथे उभं राहिलं तर पाणी डोक्याच्या थोडंच वर असतं. तिथे काही होण्यासारखं नाही, तरी मी माणसं पुन्हा पुन्हा मोजते आणि टाकीचा नळ इतक्यांदा बघते की बरोबर आलेला आपला जुना डायव्हर लंगर म्हणाला, अगं, झिजेल तो. काल प्रवाळाच्या त्या कपारीपाशी थांबले, जिथे तू पहिल्यांदा शिकायला आलास तेव्हा उलटा झाला होतास. आठवतं? पाय वर, डोकं खाली, आणि प्रत्येक माशाला धक्का लागला की हात जोडत होतास. शाळेतून सुट्टीला म्हणून आलेला गणिताचा मास्तर माशांची माफी मागतोय, हे बघून मला नळीतून इतकं हसू आलं की मास्कमध्ये पाणी शिरलं. सुट्टी संपली तरी तू गेला नाहीस. शाळेत राजीनामा पाठवलास, त्यातही म्हणे आधी दिलगिरी व्यक्त केलीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस दुसऱ्याची चूकही स्वतःच्या अंगावर घेईल.

आता त्या दिवसाकडे यायला हवं. मी घोडं इकडेतिकडे फिरवते आहे, तुलाही दिसत असेल.

सकाळी आपलं भांडण झालं होतं. आईंचा फोन आला होता, त्यांना लग्नात गावजेवण घालायचं होतं, मला दहा माणसांत उरकायचं होतं, आणि तू दोघींना 'बरोबर आहे' म्हणत होतास. तुझं ते 'बरोबर आहे' ऐकून माझं डोकं फिरलं. आपण पाण्यात उडी मारण्याआधी एकमेकांची तपासणी करतो, नळ, पट्टे, नळ्या, सगळं. पाहुण्यांना आपण हेच घोकून घोकून शिकवतो. त्या दिवशी तू माझ्या पाठीमागे आलास आणि मी म्हटलं, झालंय माझं, राहू दे. तू हात मागे घेतलास. मी रागारागात नळ स्वतःच फिरवला होता. पूर्ण उघडायचा आणि किंचित मागे घ्यायचा, ही लंगरनेच लावलेली जुनी सवय. मला वाटतं, मी तो उलट्या बाजूला फिरवला. पूर्ण बंद करून किंचित उघडा ठेवला. वर बोटीवर तेवढ्या फटीतूनही हवा पुरते. खाली पुरत नाही, हे मी शेकडो लोकांना सांगितलेलं आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

त्या जहाजाच्या पोटात कमोड भरलेत, म्हणून मला ते आवडतं. पाहुणे खजिना मिळेल अशा चेहऱ्याने आत शिरतात आणि समोर पांढऱ्याशुभ्र कमोडांच्या रांगा, एकेकात एकेक जाडा मासा ऐटीत बसलेला. त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही. त्या निवृत्त टायपिस्ट बाई आत अंधार बघून घाबरल्या आणि तू त्यांच्याकडे गेलास. लंगर बाकीच्या दोघांना घेऊन पार पलीकडे, दाराच्या भोकापाशी होता. मी मध्ये. आणि एका श्वासाला हवा आलीच नाही. म्हणजे नळी चोखली आणि काहीच नाही, फुटका पेला तोंडाला लावल्यासारखं. काट्याकडे बघितलं तर टाकी अर्धी भरलेली. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा काही नाही.

पुढचं तुला माहीत आहे, तू बघितलंस. पण मी काय बघितलं, ते तुला कधी सांगितलं नाही. तू माझ्यापासून हाताच्या अंतरावर होतास. तुझ्या छातीवरची ती पिवळी जादा नळी मला स्पष्ट दिसत होती. ती त्यासाठीच असते, ज्याची हवा गेली त्याने ओढून तोंडात घालायची, विचारायचंही नाही. आपण जोडीदार होतो, नियमाने आणि सगळ्याच अर्थाने. आणि मी तुझ्या डोक्यावरून पोहत गेले. तुझ्या मास्कला माझ्या पायातला फिन लागला. तू वर बघितलंस. मी तुझे डोळे बघितले आणि तरी थांबले नाही. जहाजाचं सगळं पोट ओलांडून लंगरपाशी गेले आणि त्याची पिवळी नळी तोंडात कोंबली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी काडी ओलांडून ओंडक्याकडे गेले.

मग तो सावकाश वर येण्याचा वेळ. एका टाकीवर दोघं, म्हणजे एकमेकांचे पट्टे धरून, तोंडासमोर तोंड. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. लंगरची नि माझी जोडी जुनी, पाण्यातली आणि पाण्याबाहेरची, हे धक्क्यावरच्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे. ती तुटून वर्षं झाली, तू त्यानंतर आलास, आणि तू त्यावर कधी एक शब्द विचारला नाहीस. त्या वेळी तू खालून त्या बाईंना घेऊन येत होतास आणि आम्हाला बघत होतास. मला माहीत आहे, कारण मी खाली बघितलं होतं.

बोटीवर लंगर भोळेपणाने मोठ्यांदा म्हणाला, अगं, मास्तर शेजारी होता की, माझ्यापर्यंत कशाला आलीस! सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि तू टाकी उतरवता उतरवता, वर न बघता म्हणालास, मीच खूण केली तिला तिकडे जायची, माझ्याजवळ बाई होत्या ना. मग तू दोन बिस्किटं खाल्लीस आणि पट्टे धुवायला बसलास. दोन दिवसांनी आईंची दाढ दुखायला लागली आणि तू बोटीत बसलास.

मास्तर, तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा झालाय. तू खरंच खूण केली होतीस का? मला आठवत नाही. पण तेवढ्या खोलीवर डोकं ठिकाणावर नसतंच, थोडी चढल्यासारखं होतं, हे आपण दोघंही जाणतो. कदाचित तू केली असशील आणि मला दिसली असेल आणि माझ्या मनाने ती पुसून टाकली असेल. केली असशील तर सगळंच सोपं आहे. मी तुझं ऐकलं, जीव वाचला, विषय संपला. मी रात्री अंथरुणात डोळे मिटून ते पुन्हा पुन्हा बघते. कधी तुझा हात हलतो, कधी हलत नाही. आता तर तो हात मी हवा तसा हलवू शकते, एवढी सवय झालीय.

मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, पाण्यातलं पाण्यात सोडावं, वर आणू नये. मग लगेच म्हणाली, पण गेलीस कशाला गं त्याच्याकडे? म्हणजे तिनेही सोडलं नाही. लंगरला विचारलं, तुला मास्तरची खूण दिसली का. तो म्हणाला, मी तुझ्याकडे बघत होतो, मास्तरकडे कशाला बघू? आता याचा काय अर्थ लावायचा? मी तासभर अर्थ लावला. मग लक्षात आलं की बुडणाऱ्या माणसाकडे बघतातच, त्यात अर्थ कसला. मग पुन्हा वाटलं, असेलही.

रागावू नकोस, पण मी स्वतःला तपासूनही बघितलं. लंगर जेवत असताना समोर बसले आणि मुद्दाम बघत राहिले, की आत काही हलतंय का. त्याने चार वेळा वाढून घेतलं, बोटं चाटली, आणि मला विचारलं की माझ्या तोंडाला काही लागलंय का. मला त्याची माया वाटली. जुन्या घराच्या किल्लीची वाटते तशी. त्या घरात राहायला जावंसं वाटलं नाही. पण मग पाय तिकडेच का गेले? सवय म्हणून? त्याच्याबरोबर मी पोहायला शिकले म्हणून? तुझ्याकडे माझ्यासाठी हवा नसेल, असं मला वाटलं का? तू मला धरशील याची मला खात्री नव्हती, की तू सकाळी 'बरोबर आहे' म्हणालास त्याचा राग होता? श्वास नसताना कोणी राग धरून बसतं का? मला माहीत नाही रे. खरंच माहीत नाही. रोज एक नवं कारण सापडतं, सकाळी ते पटतं आणि जेवणापर्यंत खोटं वाटायला लागतं.

तुझी फार आठवण येते, हेही मध्येच सांगून टाकते. पट्टे धुवायच्या टाकीपाशी गेले की येते. तिथेच ओल्या हातांनी तू मला मागणी घातली होतीस, आणि मी हो म्हटल्यावर तू आधी उरलेले सगळे मास्क धुऊन घेतले होतेस.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. त्या टायपिस्ट बाई आज सकाळच्या बोटीने परत गेल्या. त्या दिवशी आपलं बोलणं चाललं होतं तेव्हा त्या बोटीच्या टोकाला ओकत होत्या, त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. जाताना दुकानात आल्या, माझा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, तुमच्या होणाऱ्या नवऱ्याला माझा नमस्कार सांगा. आत घाबरले तेव्हापासून बाहेर येईपर्यंत पोराने माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते, एक क्षण सोडले नाहीत, सोडले असते तर मी आज नसते. मी विचारलं, दोन्ही? त्या म्हणाल्या, दोन्ही. मी पुन्हा विचारलं. त्यांना वाटलं असेल, पोरीला कमी ऐकू येतं. त्या गेल्यावर मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि खूप रडले. तू खूण केली नव्हतीस. करायला तुझ्याकडे हातच नव्हता. मी तुला ओलांडून गेले, ते तू बघितलंस, तुला ते लागलं असणार, आणि तरी वर येऊन पहिली गोष्ट तू कोणती केलीस, तर माझ्यावर पांघरूण घातलंस. आता त्या पांघरुणाखाली मला गुदमरायला होतं. म्हणून मीच ते काढते: मी तुझ्याकडे आले नाही, मास्तर. का, ते मला कळलेलं नाही, आणि कळलंय असं खोटं सांगून मी तुझ्याशी लग्न करणार नाही. एवढं माहीत असूनही तुला मी हवी आहे का? हॉलवाल्याला काय सांगू, ते तू ठरव. हो असेल तर ये. नाही असेल तरी ये. पण माझ्यासमोर उभा राहा आणि या वेळी माझी बाजू घेऊ नकोस, तुला जे वाटतं ते तोंडाने सांग. रागाव, ओरड. तू ओरडलास तर मला कसं वाटेल हेही मला माहीत नाही, पण ते मला ऐकायचंय.

बाकी सगळा गोंधळ आहे, पुढचं मात्र विचार करून लिहिते आहे,

तुझीच