तुम्ही कापलेला तुकडा

बाबा, तुम्ही फिल्ममधून काय कापून टाकायचात, ते मी मंगळवारी पाहिलं. बर्मिंगहॅमच्या त्या घरात रविवारी बुद्धवंदना झाली की तुम्ही भिंतीला चादर लावायचात आणि सेकंडहँड प्रोजेक्टरवर अमेरिकेतल्या मूक विनोदी फिल्म दाखवायचात, दहा-दहा मिनिटांच्या. जाडा माणूस शिडीवरून पडतोय, पोलीस एकमेकांवर आपटताहेत, आणि कारखान्यात आठवडाभर तोंड न उघडणारे तुम्ही पोट धरून हसताय. मधेच चित्र उडी मारायचं. भुताच्या घरात शिरलेला माणूस एकदम रस्त्यावर! आम्ही ओरडायचो, आणि आई विचारायची, "अहो, माझी कात्री चिकट कशी झाली?"

तेरा वर्षांची असताना मी तुम्हाला स्वयंपाकघरात पकडलं. टेबलावर कात्री, चिकटपट्टी, फिल्मचा हातभर तुकडा. "यू आर स्पॉइलिंग इट, बाबा! सगळी मजा घालवता तुम्ही." तुम्ही सहसा चिडायचा नाहीत, त्या दिवशी चिडलात. "कुणाला हसतोय ते आधी बघावं, मग हसावं. गावात शिमग्याला माझ्या बापाचं सोंग काढायचे. तोंडाला काजळी, हातात झाडू. अख्खं गाव हसायचं. समोर उभं राहून त्यालाही हसावं लागायचं." तुकडा कचऱ्यात टाकून तुम्ही चहा मागितलात. मला ते गावाकडचं जुनं दुखणं वाटलं. आपण इंग्लंडात राहतो, आपल्याला काय त्याचं!

आता तसल्याच फिल्म जतन करणाऱ्या संस्थेत मी नोंदी करते. मंगळवारी तीच भुताच्या घराची फिल्म आली, न कापलेली. गोऱ्या नटाने तोंडाला काळं फासलंय, तो काळा नोकर झालाय. पांढऱ्या चादरीला घाबरून डोळे गरागरा फिरवतो, गुडघे लटपटतात, पिंपात पडतो. मागे ट्रे घेतलेली एक खरीखुरी काळी बाई क्षणभर दिसते. तिचं नाव कुठेच नाही, मी नोंदीत 'अज्ञात' लिहिलं. पण त्याआधी मी हसले, खळखळून. शेजारी माझी सहकारी होती, तिचे आजीआजोबा जमैकाहून आलेले. ती हसली नाही. "इट्स ओके, पहिल्यांदा बघताना लोक हसतातच," म्हणाली आणि कॉफी आणायला गेली.

नंतर मी नियमाप्रमाणे इशारा टाइप केला: काही प्रेक्षकांना हे दृश्य क्लेशकारक वाटू शकेल. काही प्रेक्षकांना! मला माझीच किळस आली, बाबा. तिला सॉरी म्हणायचं ठरवलं होतं. आज शुक्रवार, अजून जमलेलं नाही. रोज ती गुड मॉर्निंग म्हणते आणि मी स्क्रीनकडे बघत उत्तर देते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच; तुम्ही तर गेलात, आणि तुम्ही हे वाचणार नाही याचं खरं तर बरंच वाटतंय. घरी मी सांगितलं की चुकून हसू आलं. चुकून नव्हतं. ती कॉफीला गेल्यावर, इशारा लिहायच्या आधी, मी दार लोटून तो तुकडा पुन्हा लावला आणि पुन्हा हसले.