येसराचा डबा आणि पहिली नस

सर, आज तुमची पहिली नस कामाला आली. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांतली ही पहिली, वासाची. घाईत सगळे डॉक्टर नेमकी हीच तपासायची सोडतात म्हणून तुम्ही केवढे चिडायचात! मी पुस्तकात वाचून कॉफीची बाटली आणली, तर तुम्ही ती उचलून सरळ चहाच्या ओट्यावर ठेवली. "आरं, हसनाबादच्या म्हातारीनं कॉफी कधी हुंगली? तिच्या घरातलं दे कायतरी. अन् बाम न्हाई बरं का, त्याची झणझण दुसऱ्याच नसेला कळती." तेव्हा मला राग आल्ता. आता ती चिडचिडसुद्धा हवीशी वाटते.

आज वडीगोद्रीचं जोडपं आलं. मागं तो मोटारसायकलवरून पडून डोक्यावर आपटला. जखम भरली, पण तेव्हापासून रोज ताट सरकवतो. बाई माझ्यासमोरच फणफणली, "माझ्या हाताला चवच न्हाई म्हणे! ऱ्हावा मंग एकटेच." इथून परस्पर माहेरी जायचं म्हणून पिशवी भरून आणलेली. तो मान खाली घालून म्हणतो, "खारट-तिखट कळतं डॉक्टर, बाकी सगळी माती." पिशवीत काय आहे, मी विचारलं. आईसाठी येसर, धान्य भाजून मसाल्यासकट कालच दळलेलं. डबा उघडला अन् खोली घमघमली, बाहेरचे पेशंट आत डोकवायला लागले. त्याला सर्दी नव्हती. मी डोळे मिटायला लावले, एक नाकपुडी दाबली, डबा धरला. मग दुसरी.

"कशाचा वास आहे?"

"कशाचाच न्हाई. जवळ धरा ना जरा."

डबा नाकाला टेकला होता, सर.

बाईनं माझ्या हातातून डबा घेऊन स्वतः हुंगून पाहिला. मी समजावलं, की नाकाच्या वर चाळणीसारखं हाड असतं, त्यातून वासाच्या बारीक तारा खाली येतात, डोकं आपटलं की त्या तुटू शकतात, आणि वास गेला की जेवणातला जीवच जातो. "परत येईल का?" त्यानं विचारलं. सांगता येत नाही, म्हणालो. खोटा धीर द्यायचा नाही, हेही तुमचंच. तो बायकोकडं वळला, "मंग जेवताना तूच सांगत जा, कसं झालंय ते."

"जळालं तरी चांगलंच सांगन मी," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. पिशवी तिनं त्याच्याच हातात दिली आणि दोघं वडीगोद्रीच्या गाडीकडं गेले.

ते गेले आणि माझी नजर तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं गेली. काम जमलं की तुम्ही पेपरातून डोकं न काढता नुसतं "बराबर" म्हणायचात. माझेही केस पिकले सर, पण तेवढं ऐकायला आज मी पुढच्या पेशंटला जरा वेळ बाहेरच बसवून ठेवलं.