खाली श्वास पुरतो

सोमवार, ४
आले एकदाची! बॅगेचं एक चाक स्टेशनावरच निखळलं, त्यामुळे अर्ध्या गावाला माझ्या येण्याची वर्दी मिळाली. मावशीचं घर हार्डवेअरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. चौतीस पायऱ्या. बॅग खांद्यावर टाकून एका दमात चढले, तर मावशी वरूनच ओरडली की जरा सावकाश, जिना काही पळून जात नाही. ती तीस वर्षं दवाखान्यात एक्स-रे काढायची. निवृत्त झाली तरी समोरच्याशी बोलताना नजर त्याच्या गळ्याखालीच असते. आई म्हणते, तिला आपण सगळे बरगड्यांसकट दिसतो.

माझी खोली लहान पण झकास. खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसतात. उद्यापासून नोकरी: जेटीच्या पाण्याखालच्या खांबांची तपासणी. मी मूळची नकाशे काढणारी. डायव्हिंग शिकले ते हौसेपोटी, त्यावर कुणी नोकरी देईल असं स्वप्नातही नव्हतं. तीन महिने उमेदवारी, मग कायम. मावशीने विचारलं, हे ऐकून आई काय म्हणाली. मी म्हटलं, अजून बोलतेच आहे.

मंगळवार, ५
आम्ही तिघं. होडीवर मुकादम, पन्नाशीचे, बोलणं मोजकं, कान तिखट. पाण्यात माझा जोडीदार, ज्याला सगळे बगळा म्हणतात. उंची आणि मान पाहिल्यावर का ते विचारावं लागलं नाही. मला त्यांनी ‘नवी’ करून टाकलंय.

पाण्यात लिहायची वही मिळाली. पानं प्लास्टिकसारखी, शिसपेन्सिलीने लिहायचं, भिजत नाहीत. पुढून खांबांची मापं, मागून माझी रोजनिशी. दोन वह्या सांभाळणं मला जन्मात जमलेलं नाही.

मुकादम रोज सकाळी हजेरी घ्यावी तशा आवाजात एकच गोष्ट सांगतात. वर येताना श्वास रोखायचा नाही. खाली दाबात भरून घेतलेली हवा वर येताना फुगते. तिला तोंडातून वाट दिली नाही, तर ती फुप्फुस फाडून वाट काढते. त्यासाठी फार खोल जावं लागत नाही, शेवटचे दोन-तीन मीटरही पुरतात. बगळा मागे उभा राहून ओठ हलवत होता, त्याला सगळं तोंडपाठ.

गुरुवार, ७
दोन दिवसांत अकरा खांब! आधी शिंपले खरवडायचे, मग हातोडीने ठोकून ऐकायचं. भरीव खांब ‘ठक्’ म्हणतो, आतून खाल्लेला ‘ढब्’. आज नवव्या खांबातली पोकळी बगळ्याच्या आधी मला कळली. होडीवर मुकादमांनी थर्मासमधला चहा आधी मला दिला. बगळा म्हणाला, चार वर्षांत त्याच्या वाट्याला हे आलेलं नाही.

शुक्रवार, ८
आज एक गोष्ट झाली. मोठी नाही.

अकरा वीसला वर येत होतो. सहा मीटरवर माझ्या तोंडातल्या नळीत पाणी शिरलं, ठसका लागला, घाबरले. दात आवळले, श्वास धरला आणि सरळ वर सुटले. मोजून काही सेकंद. होडीवर आल्यावर मुकादमांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. चक्कर येते का, दिसतं का नीट, हाताला मुंग्या येतात का. दोन्ही हातांनी त्यांची बोटं दाबायला लावली, आडवं केलं, घड्याळ लावून बसले. रक्तात हवा शिरली असेल तर पहिल्या दहा मिनिटांतच माणूस कोसळतो, म्हणाले. ऑक्सिजनचा मास्क पुढे केला. श्वास रोखला होतास का, असं विचारलं.

मी नाही म्हणाले. नुसतं पाणी घशात गेलं, म्हणाले.

दहा मिनिटांत काही झालं नाही. तरी एक्स-रे काढून कागद आणल्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही, असं त्यांनी बजावलं. छातीच्या हाडामागे थोडं दुखतंय. ठसक्याचं असेल.

शनिवार, ९
गेले नाही. खरं काय ते लिहिते: फुप्फुसाला इजा निघाली, तर कित्येक महिने, कदाचित कायमचं पाणी बंद. चौथ्या दिवशी नोकरी गमावणारी मी पहिलीच असेन. मावशीला सांगितलं, पडसं झालंय.

सकाळी खोकताना रुमालावर गुलाबी ठिपका पडला. एकच. रुमाल धुऊन टाकला.

रविवार, १०
मावशी भाजी चिरता चिरता थांबली. तुझा आवाज असा डब्यातून आल्यासारखा का येतोय, म्हणाली. मला तो तसा वाटला नव्हता. तिने म्हटल्यावर वाटायला लागला. बोलून पाहिलं. माझ्या घशातून दुसरंच कुणी बोलतंय.

तिने हात पुसले, उठली, माझ्या गळ्याच्या खळगीत दोन बोटं दाबली. कातडीखाली काहीतरी चुरचुरलं. कोरडं मीठ चुरडावं तसं. आम्हा दोघींनाही ते ऐकू आलं.

मावशीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तिने सांगितलं की ती हवा आहे, फुप्फुसातून निसटून कातडीखाली आलेली, आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. तिचे गुडघे धरलेत, तिला चौतीस पायऱ्या उतरायला लावू कशाला, मीच रिक्षाने जाते म्हणाले. गेले. दवाखान्याच्या फाटकापाशी उतरले. बाकावर तासभर बसले. परत आले.

तिला सांगितलं, एक्स-रे स्वच्छ आहे. तिने फिल्म मागितली. तिथेच ठेवून घेतली, म्हणाले. ती माझ्या गळ्याखाली बघत राहिली.

सोमवार, ११
चुरचुर कमी झाली. आवाजही परतला. सुटले बहुतेक!

जिन्यात मात्र दोनदा थांबले. पाठीत, डाव्या खांद्याखाली टोचतं. डाव्या कुशीवर झोपवत नाही.

मुकादमांनी कागद मागितला. माझ्याकडे भरतीच्या वेळचं प्रमाणपत्र आहे. ‘फुप्फुसं निर्दोष.’ मी ते त्यांना तारखेवर अंगठा ठेवून दाखवलं. त्यांना जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही. मान हलवली. बुधवारी अठरा मीटरचा खांब, म्हणाले.

मंगळवार, १२
आज एक वेडेपणा केला. आरशासमोर उभी राहिले, डावा तळवा छातीवर ठेवला आणि त्यावर उजव्या हाताच्या बोटाने ठोकलं. खांब ठोकते तसं.

उजवीकडे ठक्.
डावीकडे ढब्.

पुन्हा ठोकलं. खाली, वर, बगलेत. डावीकडे सगळीकडे ढब्.

मला हा आवाज कळतो. याच्यासाठीच मला चहा आधी मिळाला होता.

उद्या मुकादमांना सांगेन. नक्की.

बुधवार, १३, सकाळ
सांगितलं नाही. होडीवर बगळ्याने कसलासा विनोद केला, मी हसले, आणि हसताना श्वास संपला. त्याने विचारलं, बरी आहेस ना. हो म्हटलं. एकच डुबकी. मग सांगेन. मावशी सकाळी फोनपाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या दवाखान्यातल्या जुन्या माणसांना ती विचारणार, मी तिथे आले होते का —
मुकादम हाक मारतायत.

१०.५०, अठरा मीटर
पाण्याखाली लिहितेय. इथे बरं वाटतंय. पाच दिवसांत पहिल्यांदा श्वास पुरला. टोचत नाही. डावी बाजू भरतेय. रडू आलं मास्कमध्ये. बरी झाले.

११.०५
वर निघालो. चौदा मीटरवर टोचलं. बारावर श्वास अर्धा. घाबरून खाली आले. खाली पुन्हा पुरतो.

आता कळलं. मी बरी झालेली नाही. फुप्फुसाबाहेर जमलेली हवा इथल्या दाबाने चेपली आहे, एवढंच. फाटलेली जागा उघडी असेल तर इथे घेतलेला श्वासही तिच्यात भर घालत असेल. जितकी वर जाईन तितकी ती फुगणार. मला जागा ठेवणार नाही.

११.०८
कमरेच्या दोरीला चार झटके. म्हणजे वर या. पुन्हा चार. पुन्हा. मुकादम असे कधी ओढत नाहीत. मावशीचा फोन आला असणार. त्यांना कळलंय.

टाकीत हवा उरली ७० बार, थोडीच. इथे राहता येणार नाही.

११.१०
बगळ्याला हे पान दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. माझी पेन्सिल घेऊन लिहिलं —
*वर जायचंच. हळू. मी धरतो. सोडत राहा*

पेन्सिल माझ्या हातात परत कोंबली. 

बारा
श्वास वरच्या वर. हृदय गळ्यात.

नऊ
त्याने पट्टा पकडलाय. डोळ्यांत बघतोय. बुडबुडे सोडून दाखवतो, असे सोड. सोडतेय. आत येत नाही

डॉक्टरांसाठी. शुक्रवार ८, ११.२०. श्वास रोखला होता. डावी बाजू. एक्स-रे नाही काढला

सहा
मुकादमांची चूक नाही. तारखेवर अंगठा मीच
मावशी, फाटकापर्यंत गेले होते. खरंच गेले होते. आत

उजेड. होडीचा तळ. पाण्यात हात घातलेत कुणी. दोन, चार, सहा. जेटीवरची माणसं बोलावलीत. माझ्याकडे

मान फुगली. छाती हलत नाही. तो ओढतोय

तीन मी—