बोर्डावरचं चंदन

विजयादशमी, १९९४. संध्याकाळ.

डोकं अजून तापलेलंच आहे. काल आयुधपूजा म्हणून मामांच्या दुकानातलं व्हिडिओ गेमचं यंत्र बंद होतं. आज सुरू केलं तर पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा. आतल्या बोर्डाला पाच व्होल्ट वीज नीट येत होती, तरी चार तास मीटर घेऊन बसलो. एक चांगली चिप उगाच उपटली, बोट भाजलं. शेवटी बोर्ड काढून खिडकीपाशी नेला, तर एका चिपच्या पायांवर चंदनाचा ठिपका, वर कुंकू. अजून ओलसर, सगळे पाय एकमेकांना जोडून बसलेला.

चंदन, तेही बोर्डावर. यंत्राच्या पेटीला लावा, नाण्याच्या फटीला लावा, कोण नको म्हणतंय?

"कुठल्या गाढवाचं काम हे?" मी ओरडलो. गिऱ्हाइकं हसली.

मामांची मुलगी मोहना पुढे आली. "मीच लाविलें. पेटीला सगळेच लावतात. तुझे हात आंत चालतात, म्हणून आंत लाविलें."

वर्षभर जिच्याशी धड बोलायची हिंमत झाली नाही, तिनं माझ्या हातांसाठी चंदन लावलं. आणि मी? थांबायचं सोडून म्हणालो, "अक्कल नसेल तर हात लावू नये."

"कॉलेजांतूनही असाच ओरडून निघालास काय?" एवढं म्हणून ती घरात गेली.

स्पिरिटनं पुसल्यावर चित्र लगेच आलं. मामा खूश.

हो, कॉलेजातून असाच निघालो होतो. माफी मागायला परत गेलो नाही. उद्या तिच्याकडे जायला हवं, पण राग उतरत नाही, आणि आता तो तिच्यावर नाहीच.