जिन्याखालची निवडणूक

१० जानेवारी
नाव दिलं. शाळेच्या मंत्रिमंडळात, मुख्यमंत्रिपदासाठी. सप्टेंबरातल्या भूकंपामुळं निवडणूक राहून गेली होती, ती आता घेतायत. उभे दोघंच. मी आणि आमच्याच वर्गातला अभिजित.
मैत्रीण सुनंदा म्हणली, "नसरीन, निवडून आलीस तर पहिलं जिन्याचं बघ." बास. हाच प्रचार.
जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर आहे. बोट जातं. वर नवा हॉल, तिथं मेरिटच्या बॅचचे जादा तास. सु. बॅचमध्ये पहिली, पण जिना चढत न्हाई. औशाकडच्या तिच्या गावात घर पडलं, धाकटा भाऊ गेला. आता लातुरात मामाकडं असते. वर येत न्हाई म्हणून बॅचमधून काढणारेत तिला.

१२ जाने.
वर्गावर्गात भाषणं. अभिजित : क्रिकेटचं सामान, सहल. टाळ्या. मी : "इंजिनिअर बघून जाईपर्यंत तास खाली घ्या." टाळी न्हाई. सातवीत एक मुलगी रडायलाच लागली. वाटलं, चुकलंच आपलं.
बाहेर आमच्या वर्गाच्या बाई हळूच म्हणल्या, "बोलत राहा." आणि दुसरीकडं बघत निघून गेल्या.

१४ जाने.
संक्रांत. शाळा सुटताना अभिजितचे पप्पा आले. वरचा मजला त्यांनीच बांधलाय. सगळ्यांना तिळगूळ. मला आधी.
"घड्याळवाल्या युसूफभाईची पोरगी ना तू? त्यांचं दुकान आमच्याच गाळ्यात हाय. लई भला माणूस. आता गोड बोलायचं हं."
हसत होते. हातातला तिळगूळ चिकट झाला, खाल्ला न्हाई.
अब्बांना सांगितलं. डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारलं, "भिंत खरंच फुटलीय?"
"हाव."
परत घड्याळात डोकं घातलं. अम्मी मात्र, "नाम वापस ले बेटा. हमको यहींच रहना है."

१७ जाने.
चीर गायब. रविवारी गिलावा केला, वर पिवळा रंग. प्रार्थनेनंतर हेडसर म्हणाले, "अफवा पसरवणाऱ्यांना आता तरी लाज वाटावी." सगळी शाळा माझ्याकडं बघून राहिली. डबा खायला माझ्याजवळ एकटी सु.

१८ जाने.
अभिजित सायकल हातात धरून गल्लीपर्यंत आला. वाटलं, धमकी.
म्हणाला, "मी बी वर बसलो की दाराकडंच बघत असतो. लई घाईत केलंय ते काम. घरी बोलून बघितलं पप्पांना, तर..."
शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. मी विचारलं न्हाई. विचारायला पाहिजे होतं.
जाताना म्हणाला, "माझं मत तुला."

२० जाने.
मतदान. मी आले! थोडक्या मतांनी. हेडसरांनी मोजणी पुन्हा केली, तरी मीच. सु. नं मिठी मारली. अम्मी ऐकून हसली न्हाई.
फाटकाबाहेर जीप. अभिजित जवळ गेला, तर पप्पांनी दार उघडलं न्हाई. जीप हळूहळू पुढं, तो मागं चालत.

२१ जाने.
तास चालू असताना हादरा. छोटाच. सगळे मैदानात. सु. लिंबाखाली बसली ती उठेचना.
आत येताना बघितलं : पिवळ्या रंगावर केसाएवढी रेघ. हेडसरांना दाखवली. "रंग वाळताना होतं तसं."
शपथविधी वरच्या हॉलमध्ये ठेवलाय. मुद्दाम.

२४ जाने.
शपथ झाली न्हाई.
पाहुणे म्हणून अभिजितचे पप्पा आधीच वर जाऊन बसलेले. हेडसर जिन्यात उभे. "चला मुख्यमंत्री, पुढं व्हा." मागं सगळी शाळा रांगेत.
मी पाय उचलला आणि पहिल्या पायरीवर बसले. ठरवलं नव्हतं. शेजारी सु. बसली. मग दहावीच्या मुली.
"ऊठ! पद काढून घेईन."
"घ्या सर. पण इंजिनिअर बोलवा."
वरून हाक आली, "अभ्या, वर ये!" तो आम्हाला ओलांडून चढला. अर्ध्या जिन्यात थांबला. परत हाक. भिंतीला हात लावून तसाच उभा. वर गेला न्हाई, खाली आला न्हाई. शेवटी हेडसरांनी शाळाच लवकर सोडली.
उद्या पालकांना घेऊन यायचंय. अब्बांना सगळं सांगितलं. म्हणाले, "कितीला जायचं?" अम्मी चुलीपुढून उठून आत गेली.
आत्ता सु. धापा टाकत येऊन सांगून गेली. अभिजित अजून घरी पोचला न्हाई. त्याचे पप्पा एकेका पोराच्या घरी विचारत फिरून राहिलेत.
गल्लीत जीपचा आवाज. आमच्या दारापुढं थांबली. अब्बा दार उघडायला उठले. वही मिटते.