धुराड्याच्या आत

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

तीन महिने वहीला हात लावला नाही, चुकलंच. आज लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

मामंजी रोज न्हाणीघरातली चूल पेटवून अंघोळीचं पाणी तापवतात. दरवर्षी दिवाळीआधी चुलीला आणि धुराड्याला आम्ही चुना लावतो, कावेचे तांबडे पट्टे ओढतो. यंदाही ओढले. तरी धूर कोंडू लागला, म्हणून आज धुराडी तपासणाऱ्या मंजण्णांना बोलावलं. त्यांनी आतून कबुतराचं घरटं काढलं, वरच्या मजल्याजवळची भेग दाखवली आणि चूल बंद करायला लावली. मग आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले,

"अक्का, बाहेरून दरवर्षी मेकअप! आत स्वल्प डोकावायचं तरी."

भेग नेमकी आमच्या भाडेकरू सौम्याच्या खोलीच्या भिंतीत. तिचं बाळ महिनाभर खोकतंय. परवाच ती म्हणाली होती, "अक्का, खोलीत धुराचा वास येतो." मी म्हणाले, "रस्त्यावरचा असेल, खिडकी लावून घे."

खिडकी लावून घे! खोकला त्यानेच असेल का? नसेलही. पण मी वर जाऊन पाहिलंसुद्धा नाही.

मामंजी म्हणतात, "गुपचूप बुजवून टाकू. कळलं तर घर सोडून जाईल." मी गप्प बसले. का बसले?

उद्या: सौम्या ऑफिसला निघण्याआधी वर जाऊन तिला भेग दाखवणे.