चकलीच्या फाइलवरची सही

वैशाली, गाज़ियाबाद
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. राजास अनेक आशीर्वाद.

बासष्ट वर्षांच्या माणसाला 'चि.' म्हणतोय, हसशील. पाकिटावर 'श्री. राजाराम कवठेकर' लिहिलंय, तेवढा मान पुरे. आत तू राजाच.

तू आणि सुनीती बरे असाल. मिरजेची थंडी म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी बनियन. इथे चार दिवस सूर्य दिसलेला नाही. समोरची बिल्डिंगही दिसत नाही, आणि हे धुकं की धूर, असं आता कुणी विचारतही नाही. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात. यतीन नोएडाला आणि रुचिरा गुडगावला, दोघंही सकाळी आठला जातात ते अंधार पडल्यावर उगवतात. स्वानंदी सातवीत गेली. घरात मराठीच बोलते, पण 'आजोबा, मला भूक लागला' असं. सुधारायला गेलं की 'चलता है यार' म्हणते.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू 'बोल दादा' म्हणालास की मी हवापाण्यावर येतो आणि 'सुनीतीला विचारलंय सांग' म्हणून ठेवून देतो. आठ वर्षं हेच चाललंय, तेही दिवाळीपुरतं. कागदावर मला जरा धीर असतो. सगळा जन्म कागदावरच गेला ना.

बातमी अशी की आमच्याकडे एक गिनी पिग आहे. तू पाहिलेला नाहीस. उंदीर म्हणावा तर शेपूट नाही, ससा म्हणावा तर कान नाहीत, असा एक गुबगुबीत प्राणी. सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून आम्ही इथे आलो, त्याच्या पुढच्या वर्षी स्वानंदीने हट्ट करून आणवला. अंगावरच्या केसांना जागोजागी भोवरे, म्हणून तुझ्या हेमलतावहिनीने नाव ठेवलं चकली. मी आधी खूप कटकट केली. माणसांना जागा नाही तिथे ही कुठली पाहुणी, वगैरे. पण नात शाळेला, मोठी ऑफिसला, मागे उरलो मी आणि ती. भाजीवाल्याने फुकट दिलेल्या कोथिंबिरीची पिशवी नुसती वाजली की बाल्कनीतून शिट्टी मारायची. रिटायर झाल्यावर माझ्या येण्याची एवढी दखल दुसऱ्या कुणी घेतलेली नाही.

गेलं वर्षभर ती आजारी आहे. या प्राण्याचे दात जन्मभर वाढत राहतात. चकलीच्या दाढा वेड्यावाकड्या वाढून जिभेवर येतात, मग तिला चावता येत नाही. दर महिन्याला मुनिरकाच्या एका दवाखान्यात नेऊन, गुंगी देऊन, त्या घासून आणाव्या लागतात. आल्यावर आठ-दहा दिवस बरी असते, की पुन्हा तेच. मधल्या काळात गवताच्या पावडरीची पेज करून, दर चार तासांनी सिरिंजने तोंडात घालायची. हे काम माझ्याकडे. मांडीवर टॉवेल, टॉवेलात ती, आणि समोर स्वयंपाकघरातला वजनकाटा.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी तिची फाइल उघडली. वरती 'चकली: प्रकृतीबाबत', आत रोजचं वजन, किती मिली पेज, लेंड्या किती. गेल्या जानेवारीत एक किलो ऐंशी ग्रॅम होती. आज सकाळी सहाशे वीस. डॉक्टरीणबाई फाइल पाहून म्हणाल्या, "अंकल, इतना अच्छा रिकॉर्ड तो हमारे यहाँ भी नहीं रहता." मला फार बरं वाटलं. मग त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "अब आप इसे सुला देने के बारे में सोचिए."

मी म्हटलं, "सोती तो है. दिनभर सोती है."

चाळीस वर्षं दिल्लीत काढलेल्या माणसाला सुला देनेचा अर्थ कळला नसेल, असं नाही. मी कळून न कळल्यासारखं केलं, ही माझी जुनी कला. त्या बिचाऱ्या तरुण आहेत, गोंधळल्या. मग त्यांनी नीट समजावलं. दाढांची मुळं आता खाली जबड्यात आणि वर डोळ्याच्या बाजूला वाढलीत, दर वेळच्या गुंगीत ती जाण्याची भीती आहे, आणि ती दुखणं दाखवत नाही म्हणजे तिला दुखत नाही असं समजू नका. एक इंजेक्शन, मग दुसरं. घरी विचारून सांगा, म्हणाल्या.

ही गुरुवारची गोष्ट. घरी आलो आणि मी काय केलं असेन? विषय घरच्यांपुढे पुट अप केला. हेमलता म्हणाली, मला असल्या पापात ओढू नका. रुचिरा म्हणाली, स्वानंदीची सोमवारपासून युनिट टेस्ट आहे, तिला आत्ता काही सांगू नका, नंतर 'आपोआप गेली' म्हणू. यतीनला मी काल जेवताना गाठलं. घरात तोच एक कर्तासवरता. त्याने फोनमधून मान वर केली आणि म्हणाला, "बाबा, तुम्हीच दिवसभर तिच्याजवळ असता. तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

राजा, माझा घास हातातच राहिला.

तुला यतीनचं हे वाक्य ओळखीचं वाटेल. चकलीची साडेचारची पेज व्हायची आहे, म्हणून आज इथे थांबतो.

बुधवार, २१ जानेवारी

पत्र दोन दिवस ड्रॉवरमध्ये होतं. थांबतो म्हणून लिहिलं ते पेजेसाठी नव्हतं, हे तुला कळलं असेलच. मी शेपूट घातलं.

रविवारी पेज देण्याआधी मी मुद्दाम कोथिंबिरीची पिशवी वाजवली. शिट्टी आली नाही. पण ती आली. लटपटत पुढे आली, काडी तोंडात धरली, जबडा दोनदा हलवला आणि काडी पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. चार वेळा. मग काडीवर नाक ठेवून तशीच बसली. तिला भूक होती, राजा. मी वर्षभर फाइलीत लिहीत होतो, 'खाण्याची इच्छा टिकून आहे', आणि ते चांगलं लक्षण म्हणून लिहीत होतो.

मी टॅक्सी बोलावली ती सोमवारी दहाला, स्वानंदी शाळेत गेल्यावर. गरम पाण्याची बाटली, टॉवेल, आणि ती. अक्षरधामच्या पुढे जॅम लागला. ड्रायव्हरने विचारलं, "क्या है अंकल, खरगोश?" मी म्हटलं, हो.

दवाखान्यात त्यांनी एक फॉर्म पुढे केला. 'मी माझ्या इच्छेने' वगैरे. मी सवयीने कोपऱ्यात शां. ग. क. असं खरडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंकल, पूरा साइन चाहिए." राजा, छत्तीस वर्षं मंत्रालयात काढली. खालून आलेलं वर पाठवलं, वरून आलेलं खाली. प्रत्येक नोटिंगच्या शेवटी 'आदेशार्थ सादर' आणि डावीकडे तीन अक्षरं. शेवटचा निर्णय माझ्या सहीने झाला, अशी एकही फाइल त्या इमारतीत निघणार नाही. याला मी हुशारी समजत आलो. फॉर्मवर पूर्ण नाव लिहिताना 'कवठेकर' रेघेच्या खाली गेलं.

त्यांनी विचारलं, बाहेर थांबता का. मी नाही म्हटलं. पहिलं इंजेक्शन दिल्यावर ती माझ्या हातात जड झाली. दुसऱ्यानंतर कधी गेली ते मला कळलंच नाही, डॉक्टरीणबाईंनीच स्टेथोस्कोप लावून सांगितलं. मी बराच वेळ तिच्या भोवऱ्यांवरून बोट फिरवत बसलो, आणि मला रडू आलं. त्यांनीच मला पाणी आणून दिलं. मी त्यांना सांगू शकलो नाही की मी आणखी कुणासाठीतरी रडतोय.

संध्याकाळी स्वानंदीने रिकामा पिंजरा पाहिला. रुचिराने ठरल्याप्रमाणे तोंड उघडलं, "बेटा, चकली आपोआप..." मी मध्येच म्हणालो, "नाही. मी नेली होती. तिला फार त्रास होता. मी सही केली."

ती म्हणाली, "मुझे किसी ने पूछा भी नहीं." आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. तिला खरंच कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं.

आता लिहितो. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो, कारण माझ्या हाताने ते कुठे लिहिलेलं नाही.

आठ वर्षांपूर्वी आईला व्हेंटिलेटरवर ठेवून अकरा दिवस झाले होते. तू मला ऑफिसात फोन केलास. एकदा नाही, तीनदा. मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो, हातात फाइल होती. तू म्हणालास, "दादा, डॉक्टर म्हणतात आता काही उपयोग नाही. नळ्या काढून घरी न्यायचं का, विचारतायत. मला एकट्याला होत नाही. तू ये, नाहीतर हो किंवा नाही एवढं सांग." आणि मी म्हणालो, "तू तिथे आहेस. तुला योग्य वाटेल ते कर." अधिवेशन चालू आहे, रजा मिळत नाही, असंही सांगितलं. राजा, मी रजेचा अर्ज केलाच नव्हता. केला असता तर मिळाली असती.

तू सही केलीस. आईला घरी आणलंस. दोन तासांनी ती गेली, आणि मग मला लगेच रजा मिळाली, दुसऱ्या दिवशीच्या विमानाने मी आलो.

तेराव्याला पंगत उठल्यावर भाऊसाहेबमामा ओट्यावर बसले होते. त्यांची सख्खी बहीण गेलेली. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, इतकी घाई कुणी केली? आणि मी म्हणालो, "मला कुणी विचारलंच नाही." सुनीती काही बोलणार होती, तू हाताने तिला थांबवलंस. तू माझ्याकडे पाहिलंस आणि पत्रावळी उचलायला लागलास. त्या दिवसापासून मामा तीन गल्ल्यांवर राहून तुझा उंबरा चढलेले नाहीत. तुझ्या अबोलीच्या लग्नालाही आले नाहीत. मला हे माहीत होतं. हेमलता सांगायची आणि मी पेपर वाचायचो.

एका गिनी पिगची आणि आईची मी बरोबरी करतोय असं समजू नकोस. पण सही करणाऱ्याचं काय होतं ते मला सोमवारी समजलं. मी स्वानंदीचा अबोला दोन दिवस सोसतोय तर मला जेवण जात नाही. तू आठ वर्षं सोसलंस, तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी, आणि एकदाही म्हणाला नाहीस की याला मी तीनदा फोन केला होता. का नाही म्हणालास रे? मोठ्या भावाची लाज राखलीस, असं मला वाटतं. मी तुझी राखली नाही.

आणखी एक विचारायचं आहे. त्या दोन तासांत आईजवळ कोण होतं, तिचा हात कुणाच्या हातात होता, ती काही पुटपुटली का, हे मी तुला कधी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क आपण गमावला असं वाटायचं. अजूनही वाटतं. तरी तुला सांगावंसं वाटलं तर सांग. नाही सांगितलंस तर मी समजून घेईन.

तू जे केलंस ते बरोबर होतं. मी तिथे असतो तर तेच करायला हवं होतं, आणि माझ्याने ते झालं नसतं.

तू बोलावलंस तर फेब्रुवारीत येतो. नाही बोलावलंस तरी पत्र पोचल्याचं कळव.

आज दुपारी स्वानंदी शाळेतून आल्यावर बाल्कनीत गेली आणि कोथिंबिरीची ती पिशवी घेऊन आली. माझ्या पुढ्यात ठेवली आणि निघून गेली. हेमलता म्हणते हे चांगलं लक्षण आहे. मी आता लक्षणांबद्दल काही लिहीत नाही.

सुनीतीला माझा नमस्कार सांग. आशीर्वाद नको, नमस्कारच सांग.

तुझा दादा,
शांताराम गणेश कवठेकर

प्रत माहितीसाठी: भाऊसाहेबमामा, मिरज. तेराव्याला ओट्यावर जे जे हजर होते, त्या सर्वांना त्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवावी, ही विनंती.